धर्मशिक्षण : घरचें आणि शाळेचें

'धर्मशिक्षण' हा सामासिक शब्द आहे, आणि पुष्कळशा सामासिक शब्दांप्रमाणें त्याचा विग्रह एकाहून अधिक प्रकारांनीं करतां येतो. 'धर्माचें शिक्षण' असा विग्रह केला, तर मुलाच्या ठिकाणीं एखाद्या धर्माची श्रद्धा रुजविणें व त्याच्याकडून त्या धर्मांतील आचार घडविणें, असा अर्थ निघतो. 'धर्माविषयीं शिक्षण' असा केला, तर निरनिराळे लोक काय मानतात, कोणते सण पाळतात, कोणापुढें मस्तक नमवितात आणि कां, याची ओळख करून देणें, एवढाच अर्थ उरतो. व्याकरणाच्या परीक्षेंत विग्रह चुकला तर एखादा गुण जातो. शाळेंत हा विग्रह चुकला तर एखाद्या कोंवळ्या मुलाचें मन कायमचें दुखावतें. प्राथमिक शाळांतून धर्म शिकवावा कीं शिकवूं नये, याविषयीं जो वाद आपल्या घरांतून व वृत्तपत्रांतून वारंवार ऐकूं येतो, त्यांतील निम्मा घोटाळा हे दोन विग्रह एकमेकांत मिसळल्यामुळें झाला आहे, असें आमचें नम्र मत आहे.

ज्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत आम्हीं पस्तीसांहून अधिक वर्षें हातीं खडू धरला, तो परभणी जिल्हा या प्रश्नाचा विचार करण्यास मोठा सोयीचा आहे. नऊ तालुके आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें अठरा लक्षांहून अधिक वस्ती. गोदाकांठचें गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरांत जैनांचीं प्राचीन गुंफामंदिरें. परभणी शहरांत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा. फेब्रुवारीच्या आरंभीं तेथें उरूस भरतो आणि मुसलमानांबरोबर हिंदूहि तेथें नवस फेडावयास जातात. परभणी, पूर्णा या गांवीं बौद्ध समाजाची वस्ती मोठी. आणि पाथरी तर श्रीसाईबाबांचें जन्मस्थान म्हणून आपला हक्क सांगणारें गांव. जानेवारी २०२० मध्यें पाथरीच्या विकासासाठीं सरकारी निधीची वार्ता निघाली, तेव्हां त्या हक्कास विरोध म्हणून शिर्डीकरांनीं गांव बंद ठेविलें होतें. ज्या सत्पुरुषानें मशिदींत राहून धुनी पेटती ठेविली, आणि ज्याच्या जन्मकुळाविषयीं वाद अद्याप मिटलेला नाहीं, त्याच्याच जन्मस्थानावरून दोन गांवांनीं भांडावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अशा जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेचा एक वर्ग डोळ्यांपुढें आणावा. एका सतरंजीवर तीन मुलें बसलीं आहेत. एकाचे आजोबा दर आषाढीस पायीं पंढरीस जातात. दुसरीचे वडील पांच वेळां नमाज पढतात. तिसऱ्याच्या घरीं भगवान बुद्धांची व डॉ. आंबेडकरांची तसबीर असून सायंकाळीं त्रिशरण-पंचशील म्हटलें जातें. दुपारीं तिघेंहि एकाच पातेल्यांतील खिचडी खातात आणि उपमा-दृष्टांत न देतां एकमेकांच्या पाटीवरचें गणित उतरवून घेतात. येथें मास्तरांनीं कोणाचा धर्म शिकवावा? एकाचा शिकविला तर दोघांवर अन्याय. तिघांचा शिकवावा, तर तिघांच्याहि घरचा अधिकार मास्तरांस कोणीं दिला?

हा अधिकार राजसत्तेनें आपल्या हातीं घेतला म्हणजे काय होतें, हें मराठवाड्यास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निझामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू. मुसलमान विद्यार्थ्यांस धर्मशास्त्र आणि इतरांस त्याच्या जागीं नीतिशास्त्र, अशी तेथील वांटणी होती. १९३८ मध्यें औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत 'वंदे मातरम्' हें गीत प्रार्थना म्हणून गाण्याचा आग्रह धरला. त्यास मनाई झाली, विद्यार्थी हटेनात, आणि अखेर शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. नागपूर विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. या प्रसंगाचें स्मरण आपण अभिमानानें करतों, आणि तें योग्यच आहे. मात्र त्यांतून निघणारा धडा दुहेरी आहे. मुखांतली प्रार्थना काढून घेणें हा जसा जुलूम, तसाच न मानणाऱ्याच्या मुखांत ती घालणें हाहि जुलूमच होय. जो न्याय तेव्हां आपणांस हवा होता, तोच आज आपल्या शेजाऱ्यास द्यावयाचा आहे.

हा धडा घटनाकारांनीं नीट जाणला होता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणें, जी शाळा संपूर्णपणें सरकारी पैशावर चालते तेथें कोणत्याहि धर्माचें शिक्षण देतां येत नाहीं. जी शाळा सरकारमान्य आहे किंवा सरकारी मदत घेते, तेथेंहि पालकांच्या संमतीवांचून कोणत्याहि मुलास धर्मोपदेशास अथवा उपासनेस बसवितां येत नाहीं. घटनासमितींत डिसेंबर १९४८ मध्यें या कलमावर चर्चा झाली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्याचीं कारणें सांगितलीं. सर्वांपासून घेतलेल्या करांचा पैसा एखाद्याच समाजाच्या धर्मकार्यीं लावणें न्याय्य नाहीं, हें एक. आणि या देशांत धर्म व पंथ इतके आहेत कीं स्थानिक संस्थांस प्रत्येकाची सोय करणें अशक्य, हें दुसरें. मात्र धर्माचा अभ्यास ही धर्मोपदेशाहून वेगळी गोष्ट आहे, हेंहि त्याच चर्चेंत स्पष्ट झालें होतें.

पुढें १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें हाच भेद ठळकपणें मांडिला: एका धर्माची शिकवण सरकारी शाळांत देतां येणार नाहीं, परंतु सर्व धर्मांविषयींचें ज्ञान अवश्य द्यावें. नांदेडचे कै. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनें १९९९ मध्यें मूल्यशिक्षणाविषयीं अहवाल दिला, त्यांतहि विद्यार्थ्यांस सर्व धर्मांतील मूलतत्त्वांचा परिचय असावा असें म्हटलें. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २००२ मध्यें अरुणा रॉय यांच्या खटल्यांत असें ज्ञान देणें संविधानाविरुद्ध नाहीं, असा निर्वाळा दिला. दुसऱ्या बाजूनें, नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २०१३ मध्यें, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं हात जोडण्याची सक्ती करतां येणार नाहीं, असें ठरविलें. सारांश, पहिल्या विग्रहाचें दार सरकारी शाळेस बंद आहे; दुसऱ्याचें उघडें आहे.

प्रत्यक्षांत मात्र आमच्या शाळांतून उलटाच प्रकार चालतो. जें करूं नये तें थोडें थोडें संवयीनें होत असतें. जें करावें तें बहुधा होतच नाहीं. एका धर्माची तसबीर भिंतीवर असते, एका धर्माचा नारळ फुटतो, आणि त्यांत कोणाचा दुष्ट हेतुहि नसतो. 'पूर्वीपासून आहे' एवढेंच त्याचें कारण. इतर धर्मांची ओळख मात्र 'सर्व धर्म समान आहेत' या एका वाक्यांत उरकली जाते. महाराष्ट्रांतील मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत 'सर्वधर्मसहिष्णुता' हें एक आहे. तो शब्द फळ्यावर सुविचार म्हणून लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशीं पुसला जातो. जो धर्म आपणांस ठाऊकच नाहीं, त्याविषयीं सहिष्णुता बाळगणें म्हणजे न पाहिलेल्या पाहुण्याचें स्वागत करण्यासारखें आहे. दार उघडलें आहे खरें, पण आंत कोण आलें हें कळत नाहीं.

'सर्व धर्म एकच सांगतात' हें वाक्य आम्हांस विशेष धोक्याचें वाटतें. तें चांगल्या मनानें उच्चारलें जातें, पण मुलांस तें पटत नाहीं, कारण तें खरें नसतें. एक मूर्तीपुढें हात जोडतो. दुसरा मूर्तीपुढें मस्तक नमविणें निषिद्ध मानतो. तिसऱ्याच्या धर्मांत सृष्टिकर्त्या ईश्वराची गरजच मानलेली नाहीं. आठ वर्षांच्या मुलास हा भेद दिसतो. मास्तर तो नाहीं म्हणूं लागले, म्हणजे मुलास एवढेंच कळतें कीं या विषयांत मोठी माणसें खरें बोलत नाहींत. त्यापेक्षां भेद आहे असें सरळ सांगावें, आणि भेद असूनहि एका विहिरीचें पाणी कसें प्यावें, हें शिकवावें. शाळेचें काम तेंच आहे.

याचें एक उदाहरण देतों. दसऱ्यास पाटीवर एकाच्या आंकड्यांनीं सरस्वती काढून तिचें पूजन करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. एका वर्षीं इयत्ता तिसरींतील एका बौद्ध मुलीनें पाटी आणली, पण ती नमस्कार करीना. इतर मुलें तिला हंसूं लागलीं. तेव्हां आम्हीं पूजन बाजूस ठेवून प्रत्येकास एकच प्रश्न विचारला: 'या दिवशीं तुझ्या घरीं काय करतात?' कोणी आपट्याचीं पानें सांगितलीं, कोणी वडिलांच्या औताची व अवजारांची पूजा सांगितली. एका मुसलमान मुलानें सांगितलें कीं, त्याचे वडील मोटार दुरुस्त करतात, आणि दसऱ्यास त्यांच्या दुकानांत गाड्या धुवून घेणाऱ्यांची इतकी गर्दी होते कीं रात्रीं जेवावयासहि उशीर होतो. त्या मुलीनें सांगितलें कीं, तिच्या घरचीं माणसें पांढरीं वस्त्रें नेसून विहारांत जातात, कारण या दिवशीं बाबासाहेबांनीं नागपुरांत बुद्धाचा धम्म घेतला. १९५६ सालचा तो दिवस १४ ऑक्टोबर होता आणि तिथीनें विजयादशमी होती, एवढी भर आम्हीं घातली. चाळीस मुलांस त्या दिवशीं कळलें कीं एकच तारीख निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या अर्थानें उजाडते. हंसणें थांबलें. तें रागावून थांबविलें असतें, तर मधल्या सुटींत पुन्हां सुरू झालें असतें.

या अनुभवांतून आम्ही कांहीं नियम पाळीत आलों, ते नव्या शिक्षकांच्या उपयोगीं पडतील म्हणून येथें देतों. पहिला नियम कसोटीचा. कोणत्याहि धर्माविषयीं बोलतांना, त्या धर्माचें मूल समोर बसलेलें आहे असें समजावें, आणि तें मान ताठ ठेवून ऐकूं शकेल असेंच बोलावें. वर्गांत त्या धर्माचें एकहि मूल नसेल, तेव्हां तर हा नियम अधिकच कडकपणें पाळावा. दुसरा नियम असा कीं, एकट्या मुलास त्याच्या धर्माचा वकील करूं नये. 'तुमच्यांत असें कां करतात?' हा प्रश्न चाळीस जणांदेखत एका मुलास विचारणें म्हणजे त्यास पिंजऱ्यांत उभें करणें होय. प्रश्न सर्वांस सारखा विचारावा. ज्यास सांगावेंसें वाटेल तो सांगेल. तिसरा नियम उच्चाराचा. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी, ऱ्हस्वदीर्घाची चूक आम्हांस सोसत नाहीं. मग 'रमजान', 'बकरी ईद', 'त्रिशरण', 'पर्युषण' हे शब्दहि तितक्याच काळजीनें उच्चारले पाहिजेत. नांवाचा अपभ्रंश हा अनादराचा आरंभ असतो. चौथा नियम क्रमाचा. पहिली-दुसरींत सण, गोड पदार्थ व गोष्टी. तिसरी-चौथींत गांवांतील मंदिर, मशीद, विहार यांची पालकांच्या अनुमतीनें भेट. तत्त्वज्ञानाची घाई नको.

आणि ज्या ठिकाणीं मुलें एकमेकांस भेटतच नाहींत, तेथें ती भेट घडवून आणावी. आमच्या जिल्ह्यांतील मोठ्या गांवीं मराठी शाळा निराळी, उर्दू शाळा निराळी. मातृभाषेंत शिकणें हा मुलांचा हक्क आहे आणि संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदानें तो मान्य केला आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु दोन शाळांमध्यें एक भिंत आणि दोन बालपणें, ही स्थिति चांगली नव्हे. महिन्यांतून एक परिपाठ एकत्र घेतल्यास त्यास खर्च कांहींच नाहीं. लागते ती दोन मुख्याध्यापकांची इच्छा.

हें सारें शाळेविषयीं झालें. आतां ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या घरांविषयीं थोडें स्पष्ट लिहावयाचें आहे. सुज्ञ वाचक राग मानणार नाहींत अशी आशा आहे. मे २०२४ मध्यें राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि त्यांतील मनाचे श्लोक व गीतेचा अध्याय पाठ करण्याच्या सूचनेवरून महाराष्ट्रांत वाद माजला. आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित घरांतून या सूचनेचें मोठें स्वागत झालें. आम्हांस स्वतःस मनाचे श्लोक मौंजीच्या आधीं पाठ होते, गीतेवांचून आमचा दिवस जात नाहीं, आणि भाषेचें वाङ्मय म्हणून या ग्रंथांचा परिचय मुलांस व्हावा असेंच आम्हांस वाटतें. पण स्वागत करणाऱ्या घरांत आम्हीं जेव्हां सहज विचारलें कीं आपल्याकडे संध्याकाळीं दिव्यापुढें परवचा म्हणतात काय, तेव्हां बहुतेक ठिकाणीं उत्तर आलें तें असें: 'कोठलें हो, क्लासहून यायलाच आठ वाजतात!'

येथें खरें दुखणें आहे. जें काम आजीच्या मांडीवर व्हावयाचें, तें सरकारी शाळेवर सोंपवूं पाहणें हा धर्माभिमान नव्हे. ती घरच्या आळसाची सोय आहे. आजी श्लोक शिकवीत असे तेव्हां शब्दांबरोबर तिचा आवाज, देव्हाऱ्यांतील उदबत्तीचा वास आणि पहांटेची तिची स्नानाची शिस्त, हें सारें मुलाच्या ठिकाणीं उतरत असे. शाळेंत तोच श्लोक तासिकेंत, घोकंपट्टीनें आणि गुणांच्या भीतीनें शिकविला, तर तो पाढ्यासारखा होईल. तोंडांत राहील, मनांत उतरणार नाहीं. शेजारच्या मुसलमान घरांत मूल पहांटे मक्तबांत जाऊन कुराण वाचावयास शिकतें, बौद्ध घरांत सायंकाळीं वंदना होते. त्यांनीं तें काम शाळेवर टाकिलेलें नाहीं. मग आपल्याच घरांनीं तें कां टाकावें?

शिवाय घरांत जें बोललें जातें, तें दुसऱ्या दिवशीं दप्तरांतून शाळेंत येतें, हें वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसतें. १० डिसेंबर २०२४ रोजीं परभणी शहरांत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, दुसऱ्या दिवशीं बंदला हिंसक वळण लागलें, आणि पुढें कोठडींत एका तरुणाचा मृत्यु झाला. अशा दिवसांत मुलें घरोघरचीं वाक्यें पाठ करूनच वर्गांत येतात. कोणीं शिकविलें असें त्यांस विचारावें लागत नाहीं. ओसरीवर बसून 'ते लोक' असा उच्चार आपण सहज करतों. त्या दोन शब्दांचा धडा मूल आपल्या सर्व पाठ्यपुस्तकांहून लवकर शिकतें, आणि पुढें कितीहि परिपाठ झाले तरी तें विसरत नाहीं.

आपल्या परंपरेंत उलट उदाहरणेंहि आहेत, आणि तीं थोर आहेत. विनोबांनीं आईच्या इच्छेवरून गीता मराठींत आणिली. तेच विनोबा पुढें अरबी शिकले आणि त्यांनीं कुराणांतील वेंचे निवडून त्यांचें सार सिद्ध केलें. घरची गीता पक्की होती म्हणूनच त्यांस शेजाऱ्याच्या ग्रंथाची भीति वाटली नाहीं. गोव्यांतील एका सारस्वत घरांत जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीनें घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले, पाली शिकले आणि मराठी वाचकांस त्यांनीं बुद्धचरित्र दिलें. आणि ज्यांचें नांव आपल्या घरांतून पुरेशा आदरानें घेतलें जात नाहीं, त्या महात्मा फुल्यांनीं १८९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' ग्रंथांत असें एक कुटुंब कल्पिलें आहे, कीं ज्यांत पत्नी बौद्ध, पति ख्रिस्ती, कन्या मुसलमान व पुत्र सत्यधर्मी, आणि तरीहि सर्व एका घरांत गोडीनें राहतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांस ही कल्पना अपरिचित वाटूं नये. एका चुलीवर चार स्वभाव सांभाळण्याची कला ज्यांस साधली, त्यांस एका गांवांत चार धर्म सांभाळणें अशक्य कां व्हावें?

म्हणून आमचें मागणें दोन ठिकाणीं दोन आहे. शाळेकडे मागावयाचें तें शेजाऱ्याच्या धर्माचें यथार्थ व आदरयुक्त ज्ञान; आपल्या स्वतःच्या धर्माचा संस्कार तिच्याकडे मागूं नये. तो द्यावयाचा आपण, आपल्या घरीं, आपल्या वागणुकीनें. आज सायंकाळीं दिवा लागला म्हणजे नातवंडांस जवळ बोलवावें आणि जें आपणांस येतें तें त्यांच्याकडून म्हणवून घ्यावें. पांच मिनिटें पुरतात. तें झालें म्हणजे त्यांस विचारावें, वर्गांत तुझ्या शेजारीं कोण बसतें, आणि त्याच्या घरीं दिवेलागणीस काय म्हणतात. नातवंडास उत्तर येत नसेल, तर दुसऱ्या दिवशीं विचारून यावयास सांगावें. तो गृहपाठ कोणत्याहि मास्तरांनीं आजवर दिलेला नाहीं. तो आजी-आजोबांनींच द्यावयाचा आहे.